हेर

नीवेसबाईंच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या वर,
भूकंपानं पाडलेली एक भेग आहे
आणि भेगेवर आडवी चिकटवलेली
बोटभर काचेची पट्टी.
भिंत हलली, तर काच तडकणार.
तिला इथे 'स्पिया' म्हणतात, म्हणजे हेर.
पहिल्या दिवशी बाईंनी किल्ली दिली,
गरम पाण्याची वेळ सांगितली,
मग पट्टीकडे बोट दाखवून काहीतरी बोलून हसल्या.
त्या हसल्या म्हणून मीही हसले.
(ही तुझ्याआधीची भाडेकरू, भाडं देत नाही,
असं म्हणाल्या होत्या. मला कळलं डिसेंबरात.)

सप्टेंबरभर मी अशीच हसले,
बेकरीत, बँकेत, परवान्याच्या रांगेत,
जिथे माझ्या पुढच्या माणसालाही काही कळत नव्हतं
आणि तोही हसत होता.

जुनी घरं कशी सावरायची ते शिकायला आले होते.
प्रोफेसर मालागूती चुन्यावर दोन दोन तास बोलायचे,
माझ्या वहीत 'चुना' एवढाच शब्द,
तोही मराठीत.
सायकलवाल्या एर्मेसनं तीस युरोंत सायकल दिली
आणि कुलूप चाळीसचं.
उलटं नाही का हे, मी हातवारे करून विचारलं.
फेर्रारात असंच असतं, तो म्हणाला.
तिसऱ्या आठवड्यात सायकल गेली.
कुलूप मात्र जागच्या जागी,
खांबाला घट्ट धरून बसलेलं, पठ्ठं.

नोव्हेंबरात पो नदीकडून धुकं आलं
आणि गेलंच नाही.
तटबंदीवरून चालताना
आधी घंटी यायची, मग दिवा, मग माणूस,
आणि अगदी जवळ आल्यावर त्याचं तोंड.
तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं तिथे.
कुणालाच कुणी दुरून ओळखत नव्हतं.

एका संध्याकाळी भोपळ्याचं सारण भरताना
बाईंनी विचारलं, परीक्षा कधी?
मी सांगितलं, आणि चुकले:
येणाऱ्या दिवसाऐवजी गेलेला दिवस म्हणाले.
झाली? मग सांगितलं का नाहीस?
नाही हो, व्हायची आहे.
आमच्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे, परवा.
बाईंचा पिठाचा हात थांबला.
मग कळतं कसं तुम्हाला?
क्रियापदावरून.
ते कुठे असतं?
शेवटी.
त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, जिथे धुक्याशिवाय काही नव्हतं.
म्हणजे वाक्य पुरं होईपर्यंत
माणूस येऊन गेलाय की यायचाय, ते कळायचं नाही.
नाही, मी म्हटलं.
पारवा, त्या पुटपुटल्या. पारवा.
पारवा म्हणजे कबूतर, हे मी सांगितलं नाही.
टेबलावर तीन ताटं होती त्या दिवशी, रोजच्यासारखी.
तिसरं कुणाचं, हे मी कधी विचारलं नाही.

परीक्षा तोंडी. चुनाच विचारला.
तीसपैकी चोवीस.
घेतेस, की नाकारतेस? मालागूतींनी चष्म्यावरून पाहिलं.
इथे गुण नाकारता येतात,
पुन्हा अभ्यास करून फेब्रुवारीत येता येतं.
फेब्रुवारीत मी कुठे असणार होते?
घेते, म्हटलं. सही झाली.
बाहेर पायऱ्यांवर बसून मी संत्रं खाल्लं
आणि सालं कुठे टाकायची ते न सुचून
कोटाच्या खिशात ठेवली.
अजून तो खिसा वास देतो.

निघायच्या सकाळी स्टुलावर चढून
हेराच्या अंगावरचा तेलकट थर पुसला.
एक बारीक रेघ दिसली, छातीत धस्स झालं.
केस होता. लांब, काळा, माझाच.
काय म्हणतेय? बाईंनी खालून विचारलं.
काही नाही.
नाहीच म्हणत ती कधी, त्या म्हणाल्या,
आणि कॉफी उतू गेली.

एर्मेसनं बॅग स्टेशनपर्यंत सायकलवर नेली.
(ती सायकल माझीच होती का, अशी शंका अजून आहे.
हँडलची ती निळी चिकटपट्टी मी लावली होती.)
वळणाशी मागे पाहिलं, तर
बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकलेल्या,
हात पिठाचे,
पूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या,
पारवा!
क्रियापद न लावता.